स्टेंटनंतरचे पहिले तीन महिने: हृदयाचं पंपिंग सुधारावं म्हणून काय करायचं

मी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते. अँजिओप्लास्टी झालेला माणूस माझ्यासमोर डाव्या कुशीवर झोपतो, मी बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवते आणि त्याच्या हृदयाच्या भिंती कशा हलतात ते बघते. डिस्चार्जच्या आधी एकदा, आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा. कुणाला कुठली गोळी द्यायची हे ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. पण तेच हृदय, तीच भिंत, मध्ये तीन महिने गेल्यावर बघायला मिळणं हे फार थोड्या लोकांच्या वाट्याला येतं. ते बघून बघून माझं एक मत पक्कं झालंय. पहिल्या इकोतला आकडा हा निकाल नसतो. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली बारीक जाळी, टाकल्याने रक्ताची वाट मोकळी होते. स्नायू कितपत सावरणार हे बऱ्याच अंशी त्या दोन इकोंच्या मधल्या काळात ठरतं. त्या काळात काय करायचं हे डिस्चार्जच्या गडबडीत घाईघाईने सांगितलं जातं आणि घरी पोचेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

आधी हातातला रिपोर्ट नीट वाचा

"मॅडम, पंपिंग किती आलं?" प्रोब अजून छातीवर असतानाच हा प्रश्न येतो. पंपिंग म्हणजे रिपोर्टवरचा ईएफ. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो आणि प्रत्येक ठोक्याला त्यातलं काही रक्त बाहेर ढकलतो. किती टक्के ढकललं तो हा आकडा. पूर्ण निरोगी हृदयसुद्धा सगळं रक्त बाहेर टाकत नाही. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ हा नेहमीचा पल्ला आहे. शंभर कुणाचाच नसतो. तेव्हा ३५ वाचून "पासष्ट टक्के हृदय गेलं" असा हिशोब करू नका. असा हिशोब करून आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या पडून राहण्याने त्यांचं जास्त नुकसान झालं.

४० किंवा त्याखाली असेल तर पंपिंग कमी आहे असं धरतात, ४१ ते ४९ म्हणजे थोडं कमी. पण हा आकडा वजनकाट्यावरच्या आकड्यासारखा पक्का नसतो. मी हृदयाच्या आतल्या कडेवरून रेष काढते, एकदा हृदय भरलेलं असताना आणि एकदा आकसलेलं असताना, दोन वेगवेगळ्या बाजूंनी. त्यावरून मशीन घनफळ काढतं. याला सिम्पसन पद्धत म्हणतात. कडा धूसर असेल तर रेष थोडी आत-बाहेर होते. तेच हृदय त्याच दिवशी दोघांनी मोजलं तरी पाच-सात टक्क्यांचा फरक पडू शकतो. काही ठिकाणी नुसत्या नजरेच्या अंदाजानेही आकडा लिहितात. म्हणून ३५ चा ३८ झाला तर पेढे नकोत, आणि ४० चा ३७ झाला तर रडू नका. ३५ चा ४५ झाला तर मात्र खरंच काहीतरी घडलंय.

आकड्याच्या खाली जी वाक्यं असतात ती त्याहून मोलाची, आणि तीच कुणी वाचत नाही. कुठली भिंत कशी हलते ते तिथे लिहिलेलं असतं. "हायपोकायनेटिक" म्हणजे भिंत कमी हलते. "एकायनेटिक" म्हणजे हलतच नाही. "थिन्ड" किंवा "स्कार्ड" लिहिलं असेल तर तो भाग पातळ झालाय, तिथे बहुधा जुना व्रण आहे. नुसती न हलणारी, पण जाडीला चांगली असलेली भिंत दिसली की मला आशा वाटते. पातळ, पांढरट चकाकणारी भिंत परत येणं अवघड असतं. त्याशिवाय डावा कप्पा मोठा झालाय का, मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गळतेय का, आणि हृदयाच्या टोकाशी रक्ताची गुठळी आहे का, या तीन गोष्टी रिपोर्टमध्ये शोधा. समोरच्या भिंतीला मोठा झटका, म्हणजे हार्ट अटॅक, बसला असेल तर टोकाशी रक्त साचून गुठळी होऊ शकते. तशी असेल तर डॉक्टर रक्त गोठू न देणारं वेगळं औषध साधारण तीन महिने देतात आणि पुन्हा इको करून ती विरघळली का ते बघतात.

भिंत का हलत नाही?

हृदयाची रक्तवाहिनी अडली की पलीकडच्या स्नायूचं तीनपैकी एक काहीतरी होतं. काही भाग मरतो. तो परत येत नाही, त्याच्या जागी व्रण तयार होतो. झटका आल्यावर नळी किती लवकर उघडली यावर हा भाग केवढा ते ठरतं, आणि ते आता होऊन गेलेलं असतं. दुसरा भाग जिवंत असतो पण सुन्न झालेला. रक्त पुन्हा सुरू झालं तरी तो काही दिवस, काही आठवडे आकसत नाही. युजीन ब्राउनवाल्ड आणि रॉबर्ट क्लोनर या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९८२ साली या अवस्थेवर लेख लिहिला आणि तेव्हापासून ती जगभर ओळखली जाते. तिसरा भाग झटक्याने सुन्न झालेला नसतो. महिनोन्‌महिने तुटपुंज्या रक्तावर तग धरण्यासाठी त्याने स्वतःचं काम कमी करून घेतलेलं असतं. त्याला पुरेसं रक्त मिळालं तरी पुन्हा कामाला लागायला महिने जातात, कधी वर्षाच्या आसपास.

झटक्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी इको करते तेव्हा हे तिन्ही भाग पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात: भिंत हलत नाही. म्हणूनच पहिल्या आकड्यावर भविष्य सांगता येत नाही. एक शाळामास्तर आठवतात. डिस्चार्जच्या वेळी समोरची सगळी भिंत थंड, ईएफ तिशीच्या आसपास. तीन महिन्यांनी तीच भिंत ठोक्यागणिक जाड होताना दिसली तेव्हा मी त्यांना पडदा वळवून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

जिवंत किती आणि व्रण किती हे आधीच कळायला हवं असेल, उदाहरणार्थ पुढे बायपास करायची की नाही हे ठरवायचं असेल, तर हृदयाचा एमआरआय करतात. गॅडोलिनियम हे औषध शिरेतून दिलं की व्रणाचा भाग उजळ दिसतो. भिंतीच्या निम्म्याहून जास्त जाडीत व्रण असेल तर तो भाग सावरण्याची शक्यता कमी, हे २००० सालापासून माहीत आहे. हल्लीच्या स्टेंटमुळे एमआरआयला अडचण येत नाही. फक्त स्टेंटचं कार्ड सोबत न्या. पण हा एमआरआय सगळ्यांना लागत नाही.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. २०२२ साली ब्रिटनमधल्या ‘रिव्हाइव्ह्ड’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पंपिंग ३५ किंवा त्याखाली, नळ्यांत बरेच अडथळे, आणि तपासणीत जिवंत दिसणारा स्नायू असलेले ७०० रुग्ण त्यात होते. निम्म्यांना स्टेंट आणि औषधं दिली, निम्म्यांना फक्त औषधं. सहा महिन्यांनी आणि वर्षाने दोन्ही गटांचा ईएफ सारखाच होता, आणि मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे भरती होण्याच्या प्रमाणातही फरक पडला नाही. हे ताज्या झटक्याचे रुग्ण नव्हते, हे लक्षात ठेवा. झटका येत असताना नळी उघडणं जीव वाचवतं, त्यात काही वाद नाही. पण जुन्या, हळूहळू थकलेल्या हृदयाचं पंपिंग नुसत्या स्टेंटने वाढत नाही, हे या अभ्यासाने स्पष्ट दाखवलं. "स्टेंट टाकलाय, आता काम झालं" असं कुणी म्हणालं की मला म्हणूनच काळजी वाटते.

गोळ्या: कुठली कशासाठी

डिस्चार्ज कार्डावर आठ-दहा नावं असतात. त्यांचे मनात दोन गट करा.

पहिला गट स्टेंट उघडा ठेवण्यासाठी. अॅस्पिरिन, आणि सोबत क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यातली एक. झटक्यानंतर ही जोडी सहसा १२ महिने, झटका नसताना ठरवून टाकलेल्या स्टेंटनंतर सहसा ६ महिने. रक्तस्रावाचा धोका बघून डॉक्टर हा काळ कमी-जास्त करतात. यातली गोळी स्वतःहून बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो, आणि तो झटका फार वाईट असतो. दात काढायचाय, एंडोस्कोपी करायचीय, कुणी "आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा" म्हणालं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. टिकाग्रेलॉरने काहींना धाप लागल्यासारखं होतं, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत. त्याने हृदय बिघडलेलं नसतं, पण डॉक्टरांना सांगा, ते तपासून गोळी बदलू शकतात. आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो.

याच गटात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, येतं. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ५५ च्या खाली आणणं हे युरोपीय मार्गदर्शनात ध्येय मानलंय. "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून स्टॅटिन थांबवू नका. तो रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

दुसरा गट पंपिंगसाठी, आणि ईएफ ४० किंवा खाली असेल तर हाच गट तुमचा खरा आधार. यात चार प्रकार आहेत. बीटा ब्लॉकर, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल. मग रामिप्रिलसारखी औषधं किंवा त्याऐवजी सॅक्युबिट्रिल-वलसार्टन. मग स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही औषधं हृदयावरचा भार उतरवतात आणि डावा कप्पा फुगत जाण्याची प्रक्रिया थांबवतात, बऱ्याचदा उलटी फिरवतात. पडद्यावर मला ते दिसतं: तीन महिन्यांनी कप्पा लहान झालेला असतो आणि झडपेची गळतीही कमी झालेली असते.

यांच्याबद्दल काही गोष्टी माहीत असल्या की घाबरायला होत नाही. सुरुवात लहान डोसने करतात आणि दर एक-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. डोस वाढवला म्हणजे तब्येत बिघडली असा अर्थ घेऊ नका. औषधाचा पूर्ण फायदा त्या वाढीव डोसला मिळतो. म्हणून पहिल्या दोन महिन्यांतल्या तपासण्या चुकवू नका. तुम्ही तीन महिने गेलाच नाहीत तर लहान डोसवरच राहता, आणि दुसऱ्या इकोत भिंत होती तिथेच दिसते. बीटा ब्लॉकरने पहिले काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटतं. बहुतेकांना ते हळूहळू कमी होतं. रामिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. खोकल्याचं औषध पीत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, पर्याय आहे. रामिप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-वलसार्टन सुरू करताना मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, तेव्हा घरातली उरलेली जुनी पट्टी लगेच बाजूला काढा. स्पायरोनोलॅक्टोनबरोबर पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (म्हणजे मूत्रपिंडाची) रक्ततपासणी ठरल्या वेळी करायचीच. आणि "मला शुगर नाही, मग ही शुगरची गोळी का?" हा प्रश्न मी रोज ऐकते. डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या कमजोर हृदयालाही उपयोगी पडतं, हे २०१९ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं, आणि एम्पाग्लिफ्लोझिनबद्दल २०२० साली. या गोळ्यांनी लघवीच्या जागी बुरशीची खाज येऊ शकते, तिथली स्वच्छता ठेवा. उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं बंद झालं, तर त्या दिवशी डॉक्टरांना विचारून ती गोळी थांबवावी लागते.

ज्यांचं पंपिंग पहिल्यापासून ५० च्या वर आहे त्यांना या सगळ्या लागतातच असं नाही. शेजारच्याची यादी आणि तुमची यादी वेगळी असणार.

आणि एक कळकळीची विनंती. पाठ किंवा गुडघा दुखला तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या घेऊ नका. त्यांनी अंगात पाणी साठतं, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्यावर काय चालेल ते विचारून घ्या.

चालायचं कसं

झटक्यानंतर विश्रांती हेच औषध, असं एके काळी मानत आणि रुग्णांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. आता उलट आहे. व्यायामाच्या देखरेखीखालच्या कार्यक्रमाने, म्हणजे कार्डिॲक रिहॅबने, हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा भरती होणं कमी होतं. अशी सोय असेल तर नाव घाला, विशेषतः ईएफ कमी असेल तर. तिथे पहिले काही दिवस चालताना ईसीजी आणि बीपी बघतात, त्याने मनातली भीती जाते. मला तर वाटतं, पंपिंगपेक्षा आधी ही भीती घालवावी लागते.

सोय नसेल तर डॉक्टरांना विचारून घरी सुरुवात करा. मनगटातून अँजिओ झाली असेल तर त्या हाताने काही दिवस, साधारण आठवडाभर, वजन उचलू नका. चालायला हरकत नसते. पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. पाच-सहा आठवड्यांत सलग अर्धा तास चालता आलं तर छान. उशीर लागला तरी चालेल. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर.

किती जोरात? बीटा ब्लॉकर चालू असताना नाडीचे ठोके नेहमीइतके वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. चालता चालता बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवायला जागा आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं हळू चाला, एकदम थांबू नका, नाहीतर बीपी उतरून चक्कर येते. जेवणानंतर तासभर जाऊ द्या. कडक उन्हात, ताप असताना, रात्रभर झोप न झालेली असताना त्या दिवशी सुट्टी.

पुढे काही आठवड्यांनी, डॉक्टर हो म्हणाले की, हलकी वजनं किंवा खुर्चीतून उठ-बस सुरू करायची. उचलताना श्वास रोखायचा नाही. पायांचे स्नायू मजबूत झाले की तेवढ्याच कामाला हृदयाला कमी कष्ट पडतात. म्हणून काही जणांचा ईएफ फारसा वाढलेला नसतो आणि तरी ते जिना सहज चढतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आकडा सांगायच्या आधी मीच विचारते, "काका, किती चालता?"

शरीरसंबंधाबद्दल मला कुणी विचारत नाही, पण बायका डोळ्यांनी विचारतात. दोन मजले न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील तर सहसा हरकत नसते. मात्र जिभेखालची नायट्रेटची गोळी किंवा नायट्रेटची इतर औषधं घेत असाल तर सिल्डेनाफिल, टॅडालाफिल या ताठरतेसाठीच्या गोळ्यांना हात लावू नका. दोन्ही एकत्र आली की बीपी धोकादायकरीत्या कोसळतं.

रोजची वही

एक वही करा. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन. मग पाच मिनिटं बसून बीपी आणि नाडी. शेजारी एका ओळीत: पायाला सूज आहे का, रात्री किती उशा लागल्या, काल किती चाललो. तीन दिवसांत वजन २ किलोच्या वर वाढलं तर ते पाणी आहे, जेवणाने इतकं वाढत नाही. त्याच दिवशी फोन करा, सूज यायची वाट बघू नका. आडवं झाल्यावर धाप लागणं, रात्री दचकून उठून बसावं लागणं, हेही त्याच पठडीतलं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट छोटा चमचा. पॅकबंद पदार्थांत ते लपलेलं असतं. पाणी मोजून प्यायचं की नाही हे प्रत्येकाचं वेगळं असतं, डॉक्टरांकडून आकडा लिहून घ्या.

तंबाखू, कुठल्याही रूपात, बंद. यावर मी जास्त लिहीत नाही कारण यात "थोडी चालेल का" याला जागाच नाही. पंपिंग कमी असताना दारूही नको, ती स्नायूला थेट कमजोर करते. फ्लूची लस दरवर्षी घ्या. झटक्यानंतर तिचा फायदा दिसून आलाय.

मन उदास राहणं, झोप उडणं, कशातच रस न वाटणं हे झटक्यानंतर फार जणांना होतं. घरचे म्हणतात "विचार करू नकोस". त्याने काही होत नाही. असा माणूस गोळ्या विसरतो, चालणं सोडतो, आणि ते पुढे पडद्यावर दिसतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं तर डॉक्टरांना सांगा, यावर उपचार आहेत. आणि मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं जोडीदार सांगत असेल, तर तेही सांगा.

लगेच दवाखाना कधी

छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं होऊन ते हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जात असेल तर असाल तिथे बसा आणि डॉक्टरांनी दिली असेल तर ती नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवा. उभ्याने ठेवू नका, चक्कर येऊन पडाल. पाच मिनिटांत उतार नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. बेशुद्ध पडणं, हृदय अनियमित धडधडून डोळ्यापुढे अंधारी येणं, काळी शौच, तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं, यातल्या कशासाठीही सकाळ व्हायची वाट बघू नका. मनगटावर वा जांघेत जिथून नळी घातली होती तिथे सूज वाढत असेल किंवा रक्त येत असेल तर जोराने दाबून धरा आणि निघा.

दुसरा इको

घाईने पंधराव्या दिवशी इको करून काही हाती लागत नाही, नवीन तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. सुन्न स्नायूला वेळ द्यायचा आणि औषधांचे डोस वर न्यायचे, मग बघायचं. स्टेंटनंतर साधारण तीन महिने हा योग्य मुक्काम. ईएफ ३५ किंवा खाली राहिला तर डॉक्टर आयसीडीबद्दल बोलतात. हे छातीत त्वचेखाली बसवायचं यंत्र. हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर ते आतून शॉक देतं. ते झटक्यानंतर ४० दिवसांच्या आत आणि स्टेंटनंतर तीन महिन्यांच्या आत सहसा बसवत नाहीत. २००४ साली ‘डायनामिट’ या अभ्यासात झटक्यानंतर लगेच बसवून एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय तोवर बऱ्याच जणांचा ईएफ वर येतो आणि यंत्राची गरजच उरत नाही. मात्र थांबायचा हा काळ फुकट जाऊ देऊ नका. तीन महिने औषधं अर्धवट घेऊन केलेल्या इकोवर यंत्राचा निर्णय घेणं मला पटत नाही.

इकोला येताना जुना रिपोर्ट आणि जमलं तर जुनी सीडी आणा. शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने मोजून घ्या. त्या सकाळच्या गोळ्या चुकवू नका. बीपी फार चढलेलं असेल तर त्या दिवशी ईएफ खोटा कमी येतो, म्हणून धावतपळत येऊ नका, दहा मिनिटं आधी येऊन शांत बसा. ठोके अनियमित असतील तर बऱ्याच ठोक्यांची सरासरी काढावी लागते, तेव्हा वेळ लागला तर समजून घ्या. उपाशी राहायची गरज नसते. श्वास सोडून धरा म्हटलं की तेवढे काही सेकंद खरंच धरा, चित्र त्यावर अवलंबून असतं. आणि रिपोर्ट घेताना हे विचारा: आकडा सिम्पसनने काढलाय का, कप्प्याचं घनफळ आधीपेक्षा कमी झालंय का, कुठली भिंत सुधारली, गळती किती. मशीनवर सोय असेल तर स्ट्रेनही, म्हणजे ठोक्याला स्नायू किती टक्के आखूड होतो तेही, मोजतात. निरोगी हृदयात तो उणे २० च्या आसपास असतो, आणि ईएफमध्ये न दिसलेला बदल कधीकधी त्यात आधी दिसतो.

आकडा वर आला तर

मला सर्वात जास्त धास्ती याच वेळी वाटते. ईएफ ५० झाला, धाप गेली, आणि माणूस म्हणतो आता गोळ्या कशाला. २०१८ साली लंडनमधल्या ‘ट्रेड’ अभ्यासात, वेगळ्या कारणाने कमजोर होऊन पुढे सावरलेल्या हृदयांच्या रुग्णांत, डॉक्टरांच्या नजरेखाली औषधं हळूहळू बंद करून पाहिली. सहा महिन्यांत ४४ टक्क्यांचं हृदय पुन्हा बिघडलं. ते स्टेंटवाले नव्हते, तरी सावरलेलं हृदय औषधांच्या आधाराने उभं असतं हे त्यातून दिसतं. रक्त पातळ करायच्या दोनपैकी एक गोळी ठरल्या मुदतीनंतर डॉक्टर थांबवतात. पंपिंगच्या गोळ्या मात्र चालूच राहतात, आणि त्यातली एखादी कमी करायची झाली तर ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि आकडा वर आलाच नाही तर? आधी डोस पुरेसे वाढलेत का ते तपासा. स्टेंटमधून रक्त नीट वाहतंय का, दुसरी एखादी नळी अडलीय का, झडपेची गळती हेच कारण आहे का, रक्तात लोह कमी आहे का, हे डॉक्टरांना एकेक करून विचारा. लोहाची कमतरता कमजोर हृदयाच्या माणसाला फार थकवते आणि ती शिरेतून लोह देऊन भरता येते. ईसीजीत हृदयातली विजेचा संदेश नेणारी डाव्या बाजूची वाट अडलेली असेल, म्हणजे लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, आणि ईसीजीतली ठोक्याची लाट खूप रुंद असेल, तर दोन्ही बाजू एका वेळी आकसाव्यात म्हणून खास पेसमेकर मिळतो. त्याने काही जणांचं पंपिंग चांगलंच वाढतं. हे प्रश्न कागदावर लिहून न्या, वजनाची वही आणि दोन्ही इको रिपोर्ट सोबत ठेवा, आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका.